प्रश्न ठरतो तेव्हा कास्तकाराला बोलवा

प्रति,
डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था, नागपूर येथील सर्व शास्त्रज्ञ,
तसेच संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीचे म्हणजे जॉइंट ॲग्रेस्कोचे सर्व सदस्य यांना

सादर नमस्कार.

राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ दरवर्षी एकत्र बसतात आणि नवे वाण, नवी अवजारं, नव्या शिफारशी मंजूर करतात. मग पेपरात त्यांची यादी येते. ती यादी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. यवतमाळ जिल्ह्यात आमचं साडेचार एकर कोरडवाहू वावर आहे. सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे, पण टोबणीपासून उलंगवाडीपर्यंतची, म्हणजे पेरणीपासून शेवटच्या वेचणीपर्यंतची कामं मी आणि माझी जाऊ बघतो. यादीतलं आमच्या उपयोगाचं काय, हे शोधताना दरवेळी एकच विचार येतो: वाण मंजूर होतो त्या दिवशी आम्ही तिथं नसतो, हे एक वेळ समजू शकते. पण त्याच्या कितीतरी वर्षं आधी, कोणत्या अडचणीवर वाण शोधायचा हे जेव्हा ठरतं, तेव्हाही आमच्यातलं कोणी तिथं नसतं. हे पत्र त्यासाठी आहे.

आमच्या साडेचार एकरांत जमिनी तीन प्रकारच्या आहेत. नाल्याकडची काळी आणि खोल, तिथं पाणी साचलं की तूर उभळते. मधली मध्यम. वरची टेकाडाकडची बरड, तिथं वखराच्या पासेला मुरूम लागतो. पावसात आठवडाभर खंड पडला की वरची पऱ्हाटी म्हणजे कपाशी माना टाकते, आणि त्याच आठवड्यात खालच्या वावरात पाय रुततो. देशातल्या जमिनींचं सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, म्हणजे जमीन धुऱ्यागणिक बदलते हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. तरी घडीपत्रिकेत शिफारस येते ती एकच, आणि उत्पादनाचा आकडाही एकच: हेक्टरी इतके क्विंटल.

त्या एका आकड्याने माझं भागत नाही. मला जाणून घ्यायचं असतं की पाऊस चांगला झाला तर किती, जुलैत वीस दिवस खंड पडला तर किती, बरड जमिनीवर किती, आणि पीक हातचं गेलं तर तोवर खिशातून किती पैसा गेलेला असेल. साडेचार एकरवाल्याचा निर्णय या शेवटच्या आकड्यावर होतो. चांगल्या वर्षी दोन क्विंटल कमी देणारा पण वाईट वर्षी घर चालवणारा वाण मी डोळे झाकून घेईन. तुमच्या चाचण्यांच्या वह्यांत ही माहिती नक्की असणार, कारण वेगवेगळ्या केंद्रांवर आणि वेगवेगळ्या वर्षी चाचणी घेतल्याशिवाय वाण पुढे जात नाही. पण पत्रिकेत येते ती सरासरी. सरासरी पाऊस आणि सरासरी जमीन आमच्या गावात कोणाच्याच वाट्याला येत नाही.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या ८६ टक्के वहिती खात्यांचं क्षेत्र दोन हेक्टरच्या आत आहे. म्हणजे माझ्यासारखे कास्तकार हा अपवाद नाही, आम्हीच बहुसंख्य आहोत. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत हेच चित्र आहे.

आणि गावात येऊन राहून संशोधन करणं अशक्य आहे, असं कोणी म्हणू नये. ते आपल्याच मातीत झालेलं आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला १९७२ मध्ये इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली, कोरडवाहू प्रदेशातल्या पिकांसाठी. १९७५ पासून त्यांनी सहा गावांचा अभ्यास सुरू केला: दोन महबूबनगर जिल्ह्यातली, दोन सोलापूरची आणि दोन आपल्या अकोला जिल्ह्यातली, कंझरा आणि किनखेडा. अभ्यास करणारी माणसं गावात मुक्कामाला होती. कोणत्या घरात किती धान्य आलं, कोणी कोणाकडून उसने घेतले, बैलजोडी कोणी कोणाला दिली, बायांनी किती दिवस मजुरी केली, हे सगळं वर्षानुवर्षं लिहून ठेवलं गेलं. जगातल्या गरीब शेतकऱ्यांबद्दल जे काही शास्त्रशुद्ध लिहिलं गेलं, त्यातल्या कितीतरी लेखनाला या सहा गावांच्या वह्यांचा आधार आहे. विदर्भातल्या दोन खेड्यांनी जगाला एवढं दिलं, हे आपल्या शाळांतून पोरांना शिकवायला हवं.

त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हान्स बिन्सवँगर नावाच्या अर्थतज्ज्ञाने या अभ्यासातल्या कुटुंबांसोबत खऱ्या पैशांच्या सोडती खेळून पाहिल्या. धोका किती पत्करायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. १९८० मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. रक्कम मोठी झाली की बहुतेक सगळेच जपून खेळतात, आणि श्रीमंत-गरिबांच्या धोका पत्करण्याच्या वृत्तीत फारसा फरक नाही, असं दिसलं. मग गरीब कास्तकार नवं तंत्र उशिरा का घेतो? त्याच्याकडे कर्ज वेळेवर येत नाही, निविष्ठा पोचत नाहीत, आणि एक हंगाम बुडाला तर दुसऱ्याला टेकू नसतो. चाळीस वर्षांपूर्वी हे सिद्ध झालं. तरी आजही सभेत कोणीतरी उठून म्हणतं, ‘शेतकऱ्यांची मानसिकता बदलायला हवी.’ साहेब, मानसिकतेची तपासणी अकोला जिल्ह्यात होऊन गेली आहे. तपासायचं राहिलं आहे ते पीककर्ज मृगाआधी का मिळत नाही ते.

त्याच इक्रिसॅटची दुसरी गोष्टही सांगायला हवी, कारण ती तितकीच शिकवणारी आहे. काळ्या भारी जमिनीसाठी त्यांनी रुंद वरंबा आणि सरीची पद्धत बसवली. पाणी जास्त झालं तर सरीतून निघून जातं, कमी पडलं तर वरंब्यात ओल टिकते. विचार अचूक होता. त्यासाठी बैलांनी ओढायची चाकांची अवजारगाडी तयार केली, तिला पेरणी, वखरणी, सरी पाडणं सगळं जोडता येत होतं. केंद्रावर ती उत्तम चालली. गावात चालली नाही. लाकडी वखर-तिफणीच्या कितीतरी पट तिची किंमत होती, जड होती, आणि मोडली तर गावचा लोहार-सुतार ती दुरुस्त करू शकत नव्हता. बैलांची ती गाडी अनेक देशांत गेली आणि बहुतेक ठिकाणी शेडमध्ये पडून राहिली. वरंब्याची कल्पना मात्र मेली नाही. आज ट्रॅक्टरच्या बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा-सरी यंत्राने सोयाबीन पेरलेलं आमच्याकडे दिसतं आणि जास्त पावसात ते तगतंही. मधे इतकी वर्षं गेली, ती अवजार घेणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला आधी न विचारल्यामुळे गेली, असं माझं मत आहे.

आता कापसाकडे येते, कारण आमचा जीव तिथं अडकला आहे.

२००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली. सुरुवातीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या वाचल्या, हे मी नाकारत नाही. गावात ते सगळ्यांनी पाहिलं. पण आपल्याकडे हा बीटी जवळपास पूर्णपणे हायब्रिडमधून आला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील इथं सरळ वाणांत, म्हणजे ज्यांचं बी राखून पुन्हा पेरता येतं अशा वाणांत, कापूस घेतात. हायब्रिडची सरकी पुन्हा पेरता येत नाही, म्हणून दरवर्षी पाकीट विकत. पाकीट महाग म्हणून झाडं विरळ लावायची, आणि विरळ लावलेल्या झाडाला भरपूर बोंडं धरायला लांब मुदत लागते. एकशे साठ, एकशे ऐंशी दिवस. कोरडवाहू वावरात ऑक्टोबरनंतर ओल कुठून आणायची? त्यात या लांब मुदतीमुळे गुलाबी बोंडअळीला पिढ्यामागून पिढ्या काढायला हिरवं रान मिळालं. शिवाय हायब्रिडच्या एकाच बोंडातल्या सगळ्या सरकीत विषाची मात्रा सारखी नसते, काही बिया बिनविषारी निघतात, आणि अळी हळूहळू सरावते. दोन जनुकांचा बीटीही गुलाबी अळीपुढे निकामी झाला. २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडं वरून चांगली दिसत होती आणि फोडली की आत कवडी झालेली.

त्याच वर्षी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावर येत होता, पंप जोरदार होते, आणि दुकानातून दोन-तीन औषधं एकत्र करून मिळत होती. नंतर सुरक्षा किट आले. मास्क, चष्मा, हातमोजे, प्लास्टिकचा अंगरखा. ऑक्टोबरच्या उन्हात दाट पऱ्हाटीत पाठीवर भरलेला पंप घेऊन तो अंगरखा घालून बघा. घामाने चष्मा धुरकट होतो, श्वास कोंडतो, आणि माणूस ते सगळं काढून धुऱ्यावर ठेवतो. ज्या मजुरासाठी किट होतं त्याला ते घालून दिवसभर चालवून कोणी पाहिलं होतं का? आमच्या हवामानात अंगावर राहील असा फवारणीचा पोशाख करणं, हे संशोधनच आहे. ते नव्या वाणाइतक्याच तोलाचं धरा.

इंडोनेशियाचं उदाहरण मी मुद्दाम देते, कारण तो देशही आपल्यासारखाच लहान वावरांचा. भातावर तपकिरी तुडतुड्याने थैमान घातलं होतं. औषध जितकं मारलं तितका तुडतुडा वाढत गेला, कारण त्याला खाणारे कोळी आणि मित्रकीटक आधी मरत होते. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून शेतीशाळा सुरू केल्या. पंचवीस-तीस शेतकरी हंगामभर दर आठवड्याला एकाच वावरात जमायचे, कीड मोजायचे, मित्रकीटक मोजायचे, कागदावर चित्र काढायचे, आणि फवारायचं की नाही हे आपसांत चर्चा करून ठरवायचे. शिकवणारा उत्तर सांगत नसे, प्रश्न विचारत असे. आपल्या राज्यातही शेतीशाळा आल्या. मी एकीत बसले आहे. बॅनर होता, फोटो झाला, दोन तास भाषण झालं, घडीपत्रिका मिळाली. पऱ्हाटीच्या तासात पाय ठेवून बोंड फोडायची वेळ काही आली नाही. कल्पना चांगली आहे, फक्त ती वावरात भरली पाहिजे, हंगामभर भरली पाहिजे, आणि तिथं कास्तकाराने बोललं पाहिजे.

सरळ वाण तुमच्याकडे आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. अकोल्याचा एकेए-७ हा देशी कापूस मावा-तुडतुड्यांना दबत नाही आणि पाण्याचा ताण सोसतो. नागपूरचा ‘सूरज’ आहे, दाट लागवडीचं तंत्र आहे: झाडं जवळ, प्रत्येकाला थोडीच बोंडं, आणि पीक लवकर मोकळं. बरड जमिनीला याहून चांगलं उत्तर मला दिसत नाही. पऱ्हाटी लवकर निघाली तर गुलाबी अळीची साखळीही तुटते. दरवर्षी तुम्ही सांगता, फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून जास्तीचा कापूस घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत उपटा. बरोबर आहे. पण मुदतच लांब असलेल्या झाडावर शेवटच्या वेचणीत जे दोन पैसे येतात, ते सोडायला सांगताना हातात लवकर येणारा वाण द्यायला हवा. आणि तोच मिळत नाही! आमच्या बाजारातल्या दुकानांत रंगीत पाकिटांच्या रांगा असतात. तुमच्या वाणाचं नाव घेतलं की दुकानदार मान हलवतो. २००८ मध्ये सरकारी संस्थांनी ‘बिकानेरी नरमा’ हा सरळ वाणातला बीटी आणला होता, बियाणं घरी राखता येईल असा. त्यात दुसऱ्याच जनुकाची भेसळ सापडली आणि तो थांबवावा लागला. एवढी मोठी ठेच लागली म्हणून ती वाट सोडू नका. वाण तयार होणं आणि बियाणं मे महिन्यात तालुक्याला मिळणं यांच्यामधलं अंतर कोणाच्या कामात मोडतं, हे कुठंतरी लिहून ठेवा. आज ते कोणाच्याच कामात मोडत नाही.

चोर बीटीबद्दल बोलायचं टाळलं तर हे पत्र अर्धवट राहील. तणनाशक सहन करणारं हे बियाणं बेकायदा आहे, त्याला बिल नाही, फसवणूक झाली तर दाद नाही. तरी ते दरवर्षी गावोगाव विकलं जातं, आणि २०१९ मध्ये अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी ते जाहीरपणे पेरलं. मी ते पेरण्याच्या बाजूची नाही. पण लोक ते का घेतात याचं उत्तर सरळ आहे: सततच्या पावसात डवरा चालत नाही आणि निंदणाला मजूर मिळत नाही. गावातल्या ज्या बायांचं पोट निंदणावर आहे, त्यांचं काय, हाही त्याच प्रश्नाचा भाग आहे. ओल्या वावरात चालेल असं हलकं निंदणाचं अवजार, बायांच्या उंचीला आणि ताकदीला बसणारं, यावर ज्या दिवशी कापसाच्या वाणाइतका खर्च होईल, त्या दिवशी चोर बीटीचं गिऱ्हाईक आपोआप कमी होईल.

वेचणीचंही तसंच. कापूस वेचणाऱ्या बहुतेक बाया आहेत. ओटीत वजन घेऊन दिवसभर वाकून चालायचं, पाकळ्यांच्या टोकांनी बोटं फाटतात. यंत्रवेचणीवर बोलणी होतात ती मोठ्या यंत्राची. आमच्या दोन-दोन एकरांच्या तुकड्यात ते वळणार कुठं? प्रशिक्षणाचं बोलावणं मात्र सातबाऱ्यावरच्या नावाला येतं. माझे सासरे ऐंशीच्या घरात आहेत.

एक विषय तर तुमच्या यादीत मला कधी दिसलाच नाही: रोही म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर. आमच्याकडे कोणतं पीक घ्यायचं हे भावाच्या आधी जनावर ठरवतं. ज्वारी गेली ती एका कारणाने गेली नाही, पण जागल करायला माणूस नाही हे त्यातलं मोठं कारण आहे. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तसे बैल गेले. हरभऱ्याच्या घाट्यांवर रोही येतात, भुईमुगात डुकरं. रात्र रात्र माळ्यावर काढून माणूस दिवसा काय काम करणार? वनखात्याचा विषय म्हणून तो बाजूला ठेवू नका. कोणत्या पिकाच्या कोणत्या वाणाला जनावर कमी तोंड लावतं, धुऱ्यावर काय लावलं तर ते बिचकतं, गावाने मिळून कुंपण केलं तर खर्च कसा वाटावा, यावर शास्त्रशुद्ध चाचण्या हव्यात.

कास्तकाराला संशोधनातलं काय कळतं, असं कोणाच्या मनात येत असेल तर चंद्रपूर जिल्ह्याकडे बघा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. जमीन दीड एकर. १९८३ मध्ये त्यांना ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या राखल्या, वेगळ्या लावल्या, वर्षामागून वर्ष निवड केली आणि त्यातून एचएमटी तांदूळ उभा राहिला. पुढे त्यांनी नांदेड चिन्नोर, डीआरके असे आणखी वाण काढले. विद्यापीठाच्या सिंदेवाहीच्या केंद्राने त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये विद्यापीठाचा ‘पीकेव्ही एचएमटी’ प्रसारित झाला. श्रेयाची खंत दादाजींनी उघडपणे बोलून दाखवली होती. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला, आणि ३ जून २०१८ ला ते आर्थिक विवंचनेतच गेले. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्काच्या २००१ च्या कायद्याने कास्तकाराला बियाणं राखायचा, वापरायचा, एकमेकांना द्यायचा, ब्रँडचं नाव न लावता विकायचा हक्क दिला आहे, आणि वाण शोधणारा म्हणून नोंदणीचाही. हे आमच्या गावात कोणाला माहीत नाही. विद्यापीठाच्या प्रत्येक केंद्रावर या नोंदणीला मदत करणारा एक माणूस असावा, एवढं तर दादाजींच्या नावाने करता येईल.

तर मागणं काय, ते सांगते. तुमची शिवार फेरी आम्हाला आवडते, आम्ही येतो, बघतो. आता फेरी उलटी काढा, तुम्ही आमच्या वावरात या, आणि ती सप्टेंबरच्या सुरुवातीला काढा, जेव्हा आमच्या वावरात काय चुकतं ते उघडं दिसतं. पुढच्या वर्षीचे संशोधन प्रकल्प ठरण्याआधी प्रत्येक जिल्ह्यातून कोरडवाहू, पाच एकरांच्या आतल्या कास्तकारांना बैठकीत बसवा. त्यांत निम्म्या बाया असू द्या, सातबाऱ्याची अट न घालता. त्यांना मत असू द्या, नुसता सत्कार नको. आफ्रिकेतल्या मलावीत नव्वदच्या दशकात चाचणीची एक चांगली रीत बसली: गावात मध्यभागी एक मोठी चाचणी, तिथं सगळे पर्याय शास्त्रज्ञ स्वतः लावतात, आणि भोवतालचे शेतकरी त्यांतले दोन-तीन निवडून आपापल्या जमिनीत, आपापल्या पद्धतीने लावून बघतात. तशा चाचण्या आमच्या काळ्या, मध्यम आणि बरड तिन्ही जमिनींवर घ्या. आणि जे प्रात्यक्षिक फसलं त्याचा निकालही छापा. अमुक वाण बरड जमिनीवर गेला नाही, हे तुम्ही आधी सांगितलं तर तो प्रयोग शंभर घरांना स्वतःच्या पैशाने पुन्हा करावा लागणार नाही.

निधी अपुरा आहे, जागा रिकाम्या आहेत, हे आम्हाला कळतं. देश शेतीतून जे कमावतो त्याचा एक टक्काही शेतीच्या संशोधनावर खर्च होत नाही. त्यासाठी भांडायचं असेल तर आम्ही तुमच्या सोबत उभं राहू, मोर्चाला येऊ. ज्यांच्या नावाने तुमचं विद्यापीठ १९६९ मध्ये सुरू झालं, ते भाऊसाहेब पापळसारख्या खेड्यातून निघून देशाचे कृषिमंत्री झाले. आमच्यासारख्यांचं म्हणणं दिल्लीपर्यंत नेणारा माणूस म्हणून लोक त्यांना आजही ओळखतात.

आमच्या बचत गटाने ठरवलं आहे की वरचा बरड तुकडा चाचणीसाठी द्यायचा. मशागत आमची, रोजची नोंद आमची, पर्जन्यमापक तुम्ही द्या. पीक बुडालं तर नुकसान कोणी भरायचं, हे पेरणीच्या आधी कागदावर लिहून दोघांच्या सह्या करू. मृगाच्या आत उत्तर आलं तर याच हंगामात सुरुवात करता येईल.

आपली,
एक कोरडवाहू शेतकरी महिला
जिल्हा यवतमाळ